सहा फुटी कबूतर

रॉचडेलमधलं दुकान उघडायच्या आधीच
ऑर्मरॉड दारात. हातात जुना फोन,
फोनमध्ये नखाएवढं कबूतर.
"क्लबच्या भिंतीवर लावायचंय. सहा फूट."

मी म्हटलं, यात ठिपकेच नाहीत तेवढे,
ताणलं तर पिठलं होईल.
पिठल्याला इंग्रजी शब्द सापडेना,
नुसतीच मान हलवली.

तरी बसले. दीडशे डीपीआय,
कडेला तीन मिलिमीटर जादा, कापून जाणारे.
स्क्रीनवरचं निळं आभाळ कागदावर राखाडी उतरणार;
इथलं आभाळ तसंही सीएमवायकेच.
मग संगणकाला सांगितलं, मधलं तू भर.
त्याने भरलं. एकेक पीस, तलम,
कुणीच न पाहिलेलं.

चाचणीची पट्टी काढली, फक्त डावा पंख.
ऑर्मरॉडनी चष्मा वर ढकलून
कागदाला नाक टेकवलं.
"इथे फट होती. ससाण्याने नेलेलं पीस.
तशीच आली होती घरी, फ्रान्सहून.
त्या वेळी."

पाच वाजून गेलेले.
शटर अर्धं ओढून मी परत खुर्चीत,
आणि मशीनने उगवलेलं ते पीस
ठिपका ठिपका उपटू लागले.

मागून ऑर्मरॉड म्हणाले,
हळू.