डावीकडचा ब्रेक

बावीस वर्षं मी डावीकडं बसतोय.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं रॉड वेल्ड करून दिलेला
हा दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली.
स्टिअरिंग कुणाच्याही हातात असू दे,
थांबायचं कुठं ते मी ठरवतो.

या धंद्यात गाडी कमी चालते, मतं जास्त.
येणारा प्रत्येकजण घरनं ऐकून आलेला :
उताराला न्यूट्रल टाक, तेल वाचतंय.
पांढऱ्या गाडीचा भाव पडत नाही.
हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली.
सायबर चौकात एक पोरगा मला म्हणाला,
"इंडिकेटर कशाला सर,
आपण कुठं वळायलोय ते जगाला का सांगायचं?"
मी हसलो, आणि ब्रेक दाबला.
समोर म्हशी होत्या, धार देऊन परत निघालेल्या,
एकीमागं एक, डावी बाजू धरून.
या शहरात लेन पाळतं ते एवढंच.

मतं मलाही आहेत.
अप्पर मारत अंगावर येणाऱ्याला
मी माझी मुलगी देणार नाही.
(मला मुलगी नाही. तरीपण.)

पाय मात्र आता माझा राहिला नाही.
एसटीत खिडकीशी बसलो तरी दाबतो.
बायको बोलता बोलता वेग पकडायला लागली
की पलंगावर आडवा असतानाही दाबतो.
ती म्हणते, चादर फाटली.

मग फुलेवाडीच्या विमलताई तोडकर आल्या.
अठ्ठावन्न वय, झेडपीच्या शाळेतनं नुकत्याच रिटायर.
"पहिल्यांदा रिव्हर्स शिकवा," म्हणाल्या,
"पुढं काय, कुणी पण ढकलतंय."
फाटकात मिस्टर उभे, सुपारी कातरत.
त्यांच्या मागं नवी गाडी, कव्हर घातलेली,
आत सीटचं प्लास्टिक अजून तसंच.
"हिला सायकलचा बॅलन्स नव्हता सर."
"चारचाकीला लागत नाही," मी म्हणालो.
ताई काहीच बोलल्या नाहीत.
आरसा आपल्यापुरता वळवून घेतला.

तपोवन मैदानावर त्यांनी आठ दिवस
नुसता इंग्रजी आठ काढला, उलटा.
क्रिकेटवाल्या पोरांनी आपली पिच हलवली.
रंकाळ्याच्या कडेनं सेकंड गिअरमध्ये जाताना
मागनं शिव्या आल्या, त्यातल्या दोन
त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या.
ताईंनी काच खाली केली, नावानं हाक मारली.
पुढचा सिग्नल सगळ्यांनी पाळला.

जानेवारी. कारखान्याचा सीझन.
बालिंग्याच्या पुढं, गगनबावडा रस्ता, दिवेलागण.
एकाएकी समोर उसाची ट्रॉली, तिच्यामागं दुसरी,
ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी,
नुसते लोंबणारे वाडे
आणि ट्रॅक्टरवरचं गाणं कुठल्या कुठं पुढं.
मी दाबायला गेलो,
आणि तळव्याखालनं पेडल आपणहून खाली गेलं.

रॉड एकच. तिकडं दाबलं की इकडंही जातं,
दस्तगीरनं बसवतानाच सांगितलं होतं.
मला आजवर उलटंच माहीत.

ताईंनी समोर बघतच विचारलं,
"तुम्ही दाबला?"
"नाही."
"बरं."
मग रस्ता मोकळा होईस्तोवर थांबल्या,
डिपर दिला,
मागं कुत्रंसुद्धा नव्हतं तरी इंडिकेटर घातला,
आणि ट्रॉल्या मागं पडल्या.
माझा पाय मॅटवर होता,
दुसऱ्याच्या घरी चप्पल काढून ठेवावी तसा.

परवा मिस्टर तोडकरांचा फोन आला.
कळ्याजवळच्या कुठल्यातरी पंपावरनं,
ताई हवा चेक करून घेत होत्या.
"सर, आपल्यातच ठेवा," आवाज बारीक,
"तो तुमच्या बाजूचा ब्रेक,
घरच्या गाडीला बसवून मिळतो काय?"

मिळतो की, म्हटलं.
पण आधी सीटचं ते प्लास्टिक काढा.
पाय दाबताना माणूस घसरतंय.