अठ्ठावीस

सोमवारी मी सापळे मोजतो.
एनगुरी नदीच्या अलीकडची सहा गावं, बेचाळीस सापळे,
शेवटचा नाझिब्रोलाच्या कुंपणाला,
कारण तिथं मोजून झाल्यावर बसायला बाक आहे.

काळ्या सुळक्याच्या टोकाशी एक पुडी टांगलेली असते.
तिचा वास आपल्याला येत नाही.
ढालीसारख्या पाठीचा हा झाडावरचा ढेकूण,
याच्या नराला खायची चांगली जागा सापडली
की तो अंगातून वास सोडतो: या, इथं आहे.
एवढंच त्याचं म्हणणं.
आम्ही ती हाक कारखान्यात बनवली
आणि खाली साबणाचं पाणी ठेवलं.

"म्हणजे खोटं बोलता," पहिल्या वर्षी नाझिब्रोला म्हणाली.
मी म्हटलं, हो.
"बरं. मोज."

त्या वर्षी तिच्या हेझलनटच्या बागेत
दर तिसऱ्या दाण्याचा गर कापसासारखा सुकलेला.
कवच कोवळं असतानाच सोंड आत जाते,
पिऊन घेते, निघून येते.
बाहेरून दाणा जसाच्या तसा.
व्यापारी मूठभर फोडतो, चावतो,
जिभेला कडू लागलं की अख्खं पोतं परत.

चांगले दाणे इटलीला जातात, चॉकलेटात.
तिची तेओनासुद्धा इटलीलाच, बारीला,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला आंघोळ घालायला.

ऑक्टोबरात ते घरात शिरतात.
पडद्याच्या चुण्यांत, टीव्हीच्या मागं,
पाच वर्षं कुणी न घातलेल्या कोटाच्या खिशात,
अंगाला अंग लावून, न खाता, न भांडता.
एक चिरडला तर खोलीभर
कुस्करलेल्या शिळ्या कोथिंबिरीचा वास.
"अजिका वाटायला घेतली
की हातच मागं येतो," ती म्हणते.
रात्री तेओनाचा फोन.
"किती?"
"सदुसष्ट."
"आणि काल?"
"काल एक्याण्णव."
मायलेकी याखेरीज फारसं बोलत नाहीत.
पण मी ऐकलंय,
आकडा सांगताना म्हातारीचा आवाज मऊ होतो.

यंदा जूनमध्ये पानामागं अंडी मिळाली,
अठ्ठावीस, एकमेकींना चिकटून.
त्यातली एकोणीस करडी पडलेली.
मी ओरडलोच. तिला वाटलं, साप.

तिळाहून लहान एक काळी गांधीलमाशी असते.
ती ढेकणाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते
आणि कवचावर ओरखडा काढून ठेवते,
म्हणजे दुसरीला कळावं, ही खोली गेली.
इथवर ती कशी आली, मला ठाऊक नाही.

नाझिब्रोलानं पान चहाच्या ग्लासात ठेवलं,
तोंडाला जुना मोजा ताणला.
आधी नऊ ढेकूण फुटले,
आणि कुठं न जाता रिकाम्या कवचांभोवती बसून राहिले.
मी सांगितलं: आई जाताना कवचांवर काहीतरी फासून जाते,
ते चाटल्याशिवाय पोरं धड जगत नाहीत.
ती बराच वेळ ग्लासात बघत होती.
मग उठली. साबणाची बरणी घेऊन आली.

आठवड्यानं करडी अंडी कुरतडली गेली.
पहिल्यांदा नर. उडाले नाहीत,
उरलेल्या अंड्यांवर येरझारा घालत राहिले.
"कुणाची वाट बघतात?"
बहिणींची, मी म्हटलं. लग्नासाठी.
तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं.

मग मोजा तिनेच काढला,
ग्लास बागेत आडवा ठेवला.
रात्री फोनवर: "नऊ."
"बाकीचे?"
"बाकीचे आपले होते. गेले."

माझ्या वहीत त्या एकोणिसांना रकाना नाही.
समासात लिहून ठेवले, पेन्सिलीनं.
पुढच्या सोमवारी
तिच्या सापळ्यात दोनशे बारा.