ढाबळीचं जोतं

आधी अंड्यानं सांगितलं.
घरट्याच्या वाटीतून घरंगळून
पूर्वेच्या फळीला जाऊन टेकलं ते,
दुसरं ठेवलं तर तेही तिथंच.
बाबा गुडघ्यांवर बसले, फळ्यांवर गोटी सोडली,
तिच्यामागं मान वळवत राहिले.
"चार बोटं," म्हणाले, "आणि अजून जाणार."

बितोमला यात कुणाला नवल नाही.
इथं चर्चच्या भिंतींना लोखंडी पट्टे आवळलेत,
आमच्या स्वयंपाकघरात सूप
बशीच्या एका काठाला नेहमी जास्त,
आणि दारं आपोआप उघडतात,
पाहुणा नसताना.

तरी एर्विन कुंपणावर कोपरं टेकून सांगत होता:
एकच जाड स्लॅब ओत, आलोइस, सळ्या घाल,
हत्ती चढला तरी हलणार नाही.
बाबा हसले. "हलणार नाही, खरंय.
मोडेल."

मग आठ खड्डे. एकेक मीटर खोल,
कारण हिवाळ्यात इथली माती गोठते, फुगते,
वर ठेवलेलं सगळं उचलून बघते.
तळाशी खडी, खडीवर चुरी.
मी धुमस मारायची, ते नुसते ऐकायचे.
"अजून पोकळ बोलतंय."
पुन्हा धुमस.
डॉर्टमुंडच्या ऑफिसात मऊ झालेल्या माझ्या तळव्यांना
तिसऱ्या खड्ड्यालाच फोड.
"आता मुकं झालं. पुढचा."

दोरी, गुण्या, तीन-चार-पाच.
कर्ण जुळेनात; एक खुंटी बोटभर सरकवली, मग जुळले.
खांब जमिनीपासून गुडघाभर वर,
खालून वारा जावा, ओल चढू नये.
प्रत्येक खांबाला पत्र्याची उलटी परात,
कुना चढू नये म्हणून;
कुना म्हणजे इथलं सडपातळ जनावर,
एका रात्रीत वीस माना मोडतं, खातं एकच.
आणि खांबांच्या डोक्यावर मनगटाएवढे स्क्रू,
ग्रीसनं माखलेले,
कुठून आणले ते विचारायचं नाही.

पाणसळ धरून मी विचारलं,
आपल्या खाली नक्की काय आहे?
"चारशे दहा मीटरवर कोळसा."
त्यांनी टाचेनं गवत दाबलं.
"होता."
सव्वीस वर्षं त्यांनी खांब काढले.
कोळसा उपसून झाला की सगळ्यांच्या मागं राहायचं,
खांबाला साखळी अडकवायची, ओढायची, पळायचं,
आणि छताला खाली येऊ द्यायचं.
लाकूड आधी कुरकुरतं, म्हणाले,
लोखंड काही सांगत नाही.
मला वाटलं, अजून बोलतील.
"बुडबुडा कुठंय बघ. मला दिसत नाही."

नवी ढाबळ जुनीपासून तीन पावलांवर.
जुनी मोडली त्या रविवारी पक्षी
साडेतीनशे किलोमीटर कापून परतले
आणि जिथं दार होतं त्या हवेत
पंख मारत उभे राहिले.
एक निळी मादी गवतावर उतरली,
नेमकी तिच्या वाटीखालच्या जागेवर,
आणि बसली.
बाबांनी डब्यात वाटाणे खुळखुळवले.
शेवटची तीन पावलं यायला
तिला संध्याकाळ लागली.

परवा रात्री जमिनीनं कूस बदलली.
कपाटात कप वाजले,
ढाबळीत एकदाच सगळे पंख, मग गप्प.
मी जिना उतरले तोवर बाबा बाहेर,
पायजम्यावर कोट, हातात बॅटरी, काखेत पाणसळ.
"ईशान्य?" मी विचारलं.
"ईशान्य." पाना माझ्या हातात दिला.
"अर्धा फेरा. सावकाश, अंडी आहेत."