आधीच्या आधी

विमा कंपनीचं नकाराचं पत्र आलं तेव्हा
मार्केट यार्डात अजून भिजल्या हळदीचा वास होता,
कुबट, गोडसर, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा.
भूपाल चौगुले माझ्यासमोर बसले
आणि टेबलावर ठेवला त्यांनी
स्वतः लिहिलेला इंग्रजी अर्ज.
'बाई, ह्यात चुकलं काय?
पोरानं वाचला, बरोबर म्हणाला.'

मी चष्मा पुसला.
छत्तीस वर्षं विश्रामबागेतल्या शाळेत
लाल शाईनं हेच खोडत आले.
काल मी मिरजेला गेलो होतो,
परवा मामा आला होता:
आपल्याकडे 'होता' फुकट मिळतो,
भाजीवर टाकून दिलेल्या कोथिंबिरीसारखा.
इंग्रजीतला 'हॅड' तसा नाही.
तो एकटा दारात उभा राहत नाही.
मागून कुणी येणार असेल तरच येतो
आणि सांगतो, मी ह्याच्या आधीचा.

अर्जात होतं: पाणी शिरलं तेव्हा पोती हलवली गेली.
वेअर शिफ्टेड. साधा भूतकाळ.
कंपनीनं वाचलं तसंच:
आधी पाणी आलं, मग हे धावले.
म्हणजे हयगय.
म्हणजे क्लेम नामंजूर.

'नक्की कधी हलवली?'
'आदल्या रात्री. आयर्विनखाली चाळीस फूट झालं तवाच.
दोनशे धा वर गेली, नव्वद राहिली,
पहाटं पाणी आत.'

मग मी 'वेअर' काढून दोन शब्द बसवले,
हॅड बीन.
दुसऱ्या ई-च्या जागी ए पडला
तर वाक्यात घेवडा उगवतो,
हे मी वर्गात सांगायचे
आणि हसू शेवटच्या बाकापर्यंत जायचं.
इथं कुणी हसलं नाही.
पाणी शिरण्यापूर्वी दोनशे दहा पोती
वरच्या मजल्यावर हलवण्यात आली होती.
पाणी एका तुकड्यात, पोती दुसऱ्यात,
मधल्या स्वल्पविरामावर एक अख्खी रात्र.

शेठनी मान डोलावली.
मी वाक्याकडे बघत राहिले.
पोती आहेत. मजला आहे. जिना गृहीत आहे.
'हलवली कुणी?'
'आमच्या लगमाण्णानं. एकट्यानं.
बाकीचे हमाल तवर घरी गेले होते.'
हा 'होते' बरोबर होता,
सवयीनं मनातल्या मनात टिक केली.

बाय लगमाण्णा बंडगर, असं लिहायला
व्याकरणाची ना नसते.
वाक्याच्या शेपटाशी कर्त्याला जागा असते,
एसटीच्या मागच्या सीटसारखी, जरा आदळणारी.
शेठ म्हणाले, 'नाव कशाला?
उगा चौकशी लागंल. हजेरीवर न्हाई तो.'

लगमाण्णा दारातच उभा होता,
पत्र पोस्टात न्यायला थांबलेला.
'घर कुठं रे तुझं?'
'दत्तनगरात.'
'आणि तुझं सामान?'
तो हसला, म्हणजे ओठ एका बाजूला गेले.
'मी हितं पोती व्हात हुतो, बाई,
तवा तिथं पाणी शिरत हुतं.'

इथं हॅड लागत नाही.
आधीचं नाही, नंतरचं नाही.
एकाच अंधारात
हा जिना चढत होता,
ते उंबरा.

नियम मीच शिकवलाय,
फळ्यावर, खडूनं, अधोरेखित करून:
कर्ता माहीत नसेल तर गाळावा.

पत्र टाइप झालं. शेठची सही झाली.
नव्वद पोत्यांची किंमत आकड्यात आणि अक्षरात.
मी पाकीट चिकटवलं, पुन्हा उघडलं नाही.
लगमाण्णानं ते शर्टाच्या आत सरकवलं,
वरची दोन बटणं लावली, एक नव्हतंच,
आणि भुरभुर पावसात निघाला,
छातीवर तळहात दाबून,
कागद भिजू नये म्हणून.