जिरं

पुलाच्या दक्षिण दरवाजाशी आमची खोली.
खाली थेम्स. वर ते, भाल्यांवर.
नवरा माझा, ऑस्विन पेंथ्रिज, शेरीफचा माणूस;
टोपली घेऊन येतो तेव्हा आधी जोडे काढतो,
एवढी रीत त्याच्या आईनं लावली.

मोठ्या कढईत पाणी, पायलीभर मीठ
आणि जिरं.
मीठ कुजू नये म्हणून. जिरं पाखरांसाठी:
त्या वासाला कावळा चोच लावत नाही म्हणे.
लावतो. मी पाहिलंय.
पण हिशेबाच्या वहीत जिरं लिहिलेलं आहे,
आणि वहीत आहे ते घालावं लागतं.
भिंतींत जिरलाय वास, पांघरुणांतसुद्धा.

मंगळवारी आला तो केंटचा, लोकरवाला,
जर्विस हॉडसोल.
गुन्हा काय? ऑस्विननं कागद वाचला:
‘राजाच्या मरणाची कल्पना केली.’
नुसती कल्पना?
नुसती, तो म्हणाला, आणि पाव मोडला.

कुठल्याशा गुत्त्यात, चौथ्या प्याल्यानंतर
कुणी म्हणालं असेल, पुढल्या सुगीला राजा नसेल,
आणि हा हसला असेल.
तेवढ्यासाठी फळीला बांधून फरफटत नेला,
अर्धाच फास, मग सुरी,
मग चार तुकडे चार गावांच्या वेशींना.
(गाडीभाडं कुणी द्यायचं यावरून गावं भांडतात.)
डोकं मात्र लंडनचं.
कल्पना तिथंच झाली ना.

मी झाऱ्यानं फेस काढते.
त्याची एक भुवई वर गेलेली,
जणू भाव ऐकून म्हणतोय, एवढा?

बाईला असं करत नाहीत.
चारचौघांत अंग उघडं पडेल, म्हणून जाळतात.
आणि नवऱ्याला मारलं तरी तेच, धाकटा राजद्रोह;
घरातला राजा तो.
हे मला ऑस्विननंच सांगितलं, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत,
हसत, माझ्या केसांत बोटं घालून.

तेव्हापासून चुलीशी उभी असताना
मी काही म्हणजे काही मनात आणत नाही.
पाण्यावरचे बुडबुडे मोजते.
मीठ. जिरं. झाकण.

रविवारी शेजारच्या सिसलीनं पाव दिला, वर जिरं पेरलेला.
ऑस्विननं तीन तुकडे खाल्ले,
म्हणाला, घे ना तू पण.
एक दाणा त्याच्या मानेला चिकटला होता,
बरोबर तिथं, कॉलर संपते तिथं.
पुसते थांब, म्हणणार होते.
मी नजर काढून घेतली.