सोळानंतर अठरा

पवनीच्या परकोटातून निघालो तेव्हा
वैनगंगेवर एवढं धुकं
की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा.
गाडीत मागे पिवळा रंग वीस लिटर, काळा दहा,
टिनाचे छाप शून्य ते नऊ,
सहाचा हरवलेला; नऊ उलटा धरतो.
हुकूम साधा आहे:
रस्त्यावरचे दगड रंगवा, गावांच्या पाट्या रंगवा,
यादीत आहे तसंच लिहा.

मुरारी कापगते गाडी चालवतो
आणि यादी मानत नाही.

"हे बोडी पाह्यली का जी? एका रातीत खोदली.
कोंबडा आरवला न् शेवटची टोपली तशीच सांडली.
थेच ते टेकडी."
मागच्या गावीही हेच सांगितलंस, मी म्हटलं.
"मंग? तिथंही रातच होती."

कोहळी माणूस.
पाणी कुठे थांबेल ते त्याच्या आज्याला
नुसता उतार पाहून कळायचं.
हा उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकतो,
डिझेल वाचवतो,
आणि तळ्याच्या पारीवरून जाताना
उगाच हळू होतो.

बांध्यांत कडपे पडलेले.
पुढच्या गावात मंडई; आखरावर पाळणा चढतोय,
दंडारीतली राणी
मोटरसायकलच्या आरशात पाहून दाढी करतेय.

यादीत गाव 'गोडमुरा'.
सरपंच म्हणाले बरोबर, इथल्या विहिरीचं पाणी गोड.
पारावरचा म्हातारा उठला,
काठी टेकत मला नाल्यापर्यंत घेऊन गेला.
खडकात खूर उमटलेला, परातीएवढा.
"गोंडराजाचा घोडा इथून मुरडला. घोडमुरा लिही."
एवढा घोडा, तर राजा केवढा असेल?
"राजा बारीकच होता," म्हातारा म्हणाला,
"घोडा मोठा होता."
मी पाटीच्या एका अंगाला गोड लिहिलं,
दुसऱ्या अंगाला घोडा.
येणाऱ्याला पाणी, जाणाऱ्याला टापा.

मग मोहाच्या रानात रस्ता वळला
आणि मुरारीने हॉर्नवरचा हात काढला.
डावीकडे उभे दगड,
पुरुषभर, काही त्याहून उंच,
एकमेकांकडे थोडे कललेले.
"वरात होती. थांबली, दगड झाली.
वाजवलं तं नवरदेव जागा होते."
मी उतरलो.
सवयीने आधी बाजू पाहिली, आकडा कुठे आहे.
हजार, दोन हजार वर्षं झाली असतील,
कोणत्या गावापासून किती अंतर
हे यांच्यावर कोणी लिहिलंच नाही.
किंवा लिहिलं असेल
आणि गावच पुसलं गेलं असेल.
एका दगडावर सरडा होता. तोही हलला नाही.

चौदा रंगवला, पंधरा रंगवला.
सोळाला छाप उलटा धरला.
सतरापाशी बयनाबाई बसलेली,
समोर नारळाची करवंटी, मातीचे दोन घोडे,
आणि शेंदूर इतका जाड
की एकचं फक्त टोक दिसत होतं.
कधीपासून हे?
"माही म्हैस हरपली होती बाबू. तीन दिवस. इथंच भेटली,
याच्या अंगाले अंग घासत होती."
देवाचं नाव?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मला वाचता येत नाही.
"सतरोबा."

मी डबा खाली ठेवला. यादी काढली, परत ठेवली.
"पिवळा लाव," ती म्हणाली, "हळद समजीन.
काळा नोको लावू."
मागच्या अंगाला, जिथे शेंदूर पोचला नव्हता,
एक हात पिवळा दिला.
आकडा नाही दिला.
रजिस्टरात सतरासमोर काय लिहावं कळेना,
'सुस्थितीत' लिहिलं.

मुरारीने चप्पल काढून हात जोडले, मग गिअर टाकला.
अठरा येईपर्यंत तो गप्प होता.
परतताना मंडईत चहाच्या टपरीवर
मी नखातला रंग रॉकेलने काढत होतो
तर त्याचा आवाज ऐकू आला, कोणाला तरी सांगत होता:
"एक रंगारी आला जी पवनीहून,
त्याच्यापाशी सहाच नव्हता..."