ताबा

वॉशिंग मशीनचं खोकं खालच्या टिपणीसांकडून मागून आणलं,
रविवारी, भंगारवाल्याच्या आधी पोचून.
एक इंच म्हणजे एक फूट.
उमाकांतने पट्टी धरून आखलं, वीस बाय पंधरा.
"एवढंच?" निहार म्हणाला.
"कार्पेट आहे हे," उमाकांत म्हणाला, "कार्पेट तीनशे."
घोडपदेवला खोली होती एकशे ऐंशीची,
तरी हे लहान वाटलं.
वरून बघितलं की
सगळ्यांचीच घरं एवढी दिसत असतील.

प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात
खोक्यांना तोटा नाही,
निम्मा संसार अजून सुतळीतच आहे.
काडेपेटीची शेगडी झाली.
दोऱ्याचं रिकामं रीळ, सिलिंडर.
कफ सिरपचं खोकं उभं केलं, फ्रिज.
बिसलेरीचं निळं झाकण बेसिनच होतं आधीपासून,
फक्त आम्हाला माहीत नव्हतं.
मोरीत मामंजींच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं
सपाट करून चिकटवली, चंदेरी फरशी.
शर्वाणी म्हणाली, आई, दर दुसऱ्या टाइलवर
एक्सपायरी लिहिलीय.

मामंजी गिरगावात बायंडिंगच्या कारखान्यात होते,
एकोणचाळीस वर्षं.
मैद्याची खळ त्यांनी स्वतः शिजवली,
गाठ न होऊ देता.
"चिमूटभर मोरचूद घाल," म्हणाले,
"नाहीतर मुंग्या लागतात."
मी म्हटलं नको, विष ते, पोरांचे हात तोंडात जातात.
त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.
त्यांना कमी ऐकू येतं
आणि त्याचा ते नीट उपयोग करतात.

मग खाटा. टूथपेस्टची खोकी.
आमची दोन शेजारी शेजारी,
पोरांची एकावर एक.
पाचवं खोकं दारापाशी ठेवलं, तर दार उघडेना.
फ्रिजपाशी ठेवलं, तर फ्रिज.
उमाकांतने कपाट फिरवलं, टीव्ही भिंतीला टांगला,
शर्वाणीने देवघर दोन इंच वर नेलं,
म्हणजे दोन फूट.
कोणी काही बोलेना.
मामंजींनी ते खोकं उचललं
आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.
"माझं काय, मी कुठेही."
खिशातून लाल अक्षरं डोकावत होती,
आणि आम्ही चौघं फ्रिज सरळ करत बसलो,
सरळच असलेला.

चहा झाल्यावर त्यांनी माझा जुना ब्लाउज मागितला,
कात्री मागितली.
खोक्याची एक बाजू कापून पुठ्ठा काढला,
कापडाची पट्टी खळीत भिजवली,
चमच्याच्या दांड्याने दाबत दाबत
पुठ्ठा भिंतीला जोडला.
खाली केला तर खाट.
वर केला तर भिंत.
"पुस्तक असंच उघडतं," म्हणाले.
"सांध्याला जरा जागा सोडायची.
कंजूष बायंडरची पुस्तकं
पहिल्या वाचनातच फाटतात."
निहारने ती खाट किती वेळा उघडली,
मोजलं नाही. जेवायला उठेना.

गुरुवारी सकाळी मुंग्या.
दारातून शिस्तीत आत, शेगडीवरून, मोरीतून,
आमच्या दोन खाटांच्या मधून.
"घ्या," उमाकांत म्हणाला, "ह्यांना मिळाला ताबा."
मामंजींनी मोरचुदाचा म काढला नाही.
पेपर मात्र हलत होता हातातला.

ह्याला दीड वर्ष झालं.
घर कपाटावर आहे, धूळ झटकते मी,
पुठ्ठा पोटात जरा फुगलाय,
सांधा अजून शाबूत.

काल बिल्डरचं पत्र आलं, जाड गुळगुळीत कागद,
पुढच्या मार्चपर्यंत सहकार्य करावे ही विनंती.
उमाकांतने दोनदा वाचलं,
चुरगाळणार, तेवढ्यात मामंजींचा हात पुढे.
त्यांनी पत्र उलटं केलं. पाठ कोरी होती.
अंगठ्याने जाडी बघितली.
"बाल्कनी राहिली होती ना," म्हणाले.

"आजोबा, नकाशात बाल्कनी नाहीये," निहार म्हणाला.

त्यांना ते ऐकू आलं नाही.